मासा एक, नावं दोन

लखनौत मासे नेहमी जोडीनं दिसतात. बड्या इमामबाड्याच्या दरवाज्यावर चुन्यात घडवलेले दोन मासे आहेत, नवाबी काळातल्या जुन्या वास्तूंच्या कमानींवर आहेत आणि उत्तर प्रदेशाच्या राजचिन्हातही धनुष्यबाणासोबत दोन मासे आहेत. अवधच्या नवाबांची ती खूण. ह्या जोडीतला नर कोणता आणि मादी कोणती, हे कुणी विचारत नाही, कारण दोन्ही मासे अगदी सारखे घडवलेले असतात. जिवंत माशांच्या दुकानात मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

दुकानदाराचं उत्तर तयार असतं. "जो चमक रहा है वो नर, बाकी सब मादा." ह्या एका वाक्यावर विसंबून मी एकदा चार हनी गुरामी घरी आणले. एक मधासारखा पिवळाधमक, बाकीचे तीन मातकट चंदेरी, डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक तपकिरी पट्टा असलेले. एक नर आणि तीन माद्या, असं मी वहीत लिहूनही ठेवलं. काही महिन्यांनी पिवळा नर दुसऱ्या टाकीत हलवावा लागला. पंधरा दिवस गेले असतील. एका सकाळी टाकीपुढे बसले, तर त्या तीन माद्यांपैकी एकीच्या पाठीवर पिवळी झाक आलेली. आठवड्याभरात तपकिरी पट्टा विरला, गळा निळसर काळा पडला आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं तरंगू लागलं. जिला मी मादी म्हणत होते तो नर होता. मोठा नर समोर होता तोवर त्यानं रंग आवरून धरला होता.

ही चूक करणारी मी पहिली नाही. दोनशे वर्षांपूर्वी हाच मासा एका फार मोठ्या निसर्गअभ्यासकाला चकवून गेला होता.

फ्रान्सिस ब्युकॅनन-हॅमिल्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर. 1807 ते 1814 ह्या काळात त्यानं कंपनीसाठी बंगाल आणि बिहारच्या जिल्ह्यांची पाहणी केली. शेवटी तो गोरखपूरपर्यंत आला. गोरखपूरचा मुलूख 1801 मध्येच लखनौच्या नवाबाकडून कंपनीकडे गेलेला होता. शेती, मंदिरं, बाजार, आजार, सगळ्यांच्या नोंदी करता करता हा माणूस कोळ्यांच्या जाळ्यात आलेले मासेही पाहत होता, त्यांची स्थानिक नावं टिपत होता, चित्रं काढून घेत होता. 1822 मध्ये एडिंबरोहून त्याचं गंगेच्या माशांवरचं पुस्तक निघालं. आज जगभरच्या काचेच्या टाक्यांत पोहणारे कितीतरी मासे विज्ञानाच्या दप्तरात पहिल्यांदा नोंदले गेले ते ह्या पुस्तकात. झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, ड्वार्फ गुरामी, रंग पालटणारा बॅडिस ही त्यांतली नावाजलेली मंडळी. हनी गुरामीही त्यातच आहे, पण दोनदा. एकदा 'चुना' ह्या नावानं, एकदा 'सोता' ह्या नावानं. रंग इतके वेगळे की नर आणि मादी ह्या दोन निरनिराळ्या जाती ठरल्या. पुढच्या अभ्यासकांनी त्या एक केल्या आणि 'चुना' हे नाव टिकलं.

हॅमिल्टनच्या चुकीबद्दल मला त्याच्याविषयी आदरच वाटतो. त्यानं माशांचे नमुने जपून ठेवले नव्हते. हातात होत्या त्या नोंदी आणि चित्रं. जाळ्यातून बाहेर काढलेला मासा मिनिटभरात रंग सोडायला लागतो, आणि त्या मिनिटात जे दिसलं ते त्यानं लिहिलं. जे दिसलं ते खरंच होतं. फक्त रंग पाहून जात ठरवायची की लिंग ठरवायचं की त्या माशाची त्या दिवसाची अवस्था, एवढाच प्रश्न होता. टाकीपुढे बसणाऱ्या प्रत्येकापुढे तोच असतो.

माशाचा रंग तयार होतो तरी कसा? त्वचेत रंगपेशी असतात. काहींमध्ये काळं मेलॅनिन असतं. काहींमध्ये पिवळी, नारिंगी, तांबडी द्रव्यं असतात, आणि त्यांतली कॅरोटिनॉइडं माशाला स्वतः बनवता येत नाहीत. ती शेवाळातून, छोट्या कवचधारी जिवांतून, म्हणजे खाण्यातूनच मिळवावी लागतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत ग्वानिनचे चपटे स्फटिक रचलेले असतात. त्यांच्यात रंग नसतोच. प्रकाश त्यांच्या थरांवरून परततो तेव्हा आपल्याला चांदी किंवा निळाई दिसते. ड्वार्फ गुरामीच्या नराच्या अंगावरचे निळे पट्टे ह्या स्फटिकांची करामत आहे, तर त्यांच्यामधले तांबडे पट्टे रंगद्रव्यांचे.

काळ्या पेशींतले कण क्षणात पसरू शकतात आणि क्षणात गोळाही होऊ शकतात. म्हणून घाबरलेला मासा बघता बघता फिकट पडतो, आणि पांढऱ्या वाळूवर ठेवलेला मासा काळ्या वाळूवरच्या भावापेक्षा उजळ दिसतो. ह्याच्या जोडीला हार्मोनं आहेत. विणीचा हंगाम जवळ आला, पाणी ऊबदार झालं, पोटभर जिवंत खाद्य मिळालं की नराच्या रक्तात नरहार्मोन वाढतं आणि रंग उमलतो. कडाक्याच्या थंडीत लखनौच्या बिनहीटरच्या टाकीतला गुरामी कोपऱ्यात पाणवनस्पतींखाली राखाडी होऊन बसलेला असतो. जानेवारीत नर-मादी निवडायला जाणं म्हणजे उन्हाळ्यात आंब्याचा मोहोर शोधायला जाणं. मी आता मार्चनंतरच दुकानाची पायरी चढते.

मग रंगावरून ओळखायचंच नाही का? ओळखायचं, पण रंग कुठे आहे हे बघायचं. अंगाचा रंग पटकन बदलतो. परांचा आकार आणि त्यांच्या कडांचा रंग त्या मानानं सावकाश. ड्वार्फ गुरामीत नराचा पाठीवरचा पर मागच्या टोकाला निमुळता होत जातो, मादीचा गोलसर राहतो. नर कितीही दबलेला असला तरी हे टोक लपत नाही. हनी गुरामीच्या बाबतीत मी फसले त्याचं कारण हेच. मी अंग पाहिलं, पर पाहिले नाहीत.

रोझी बार्ब जरा सोपा. आपल्याकडे वेण्णा-कृष्णेच्या खोऱ्यात ज्यांना खवली म्हणतात त्यांच्या गोतातला हा मासा. इकडे उत्तर प्रदेश-बिहारात ह्या गोतातल्या छोट्या माशांना पोठिया म्हणतात. ऐन हंगामात नर गुलाबी तांबडा होतो आणि त्याच्या परांवर काळी छटा येते. मादी सोनेरी हिरवट, परांवर काळं जवळजवळ नसतंच. तांबूसपणा ओसरला तरी परांवरच्या काळ्या छटेवरून नर ओळखता येतो. शिवाय हा मासा थंडी सोसणारा आहे, त्यामुळे लखनौच्या हवामानात नवशिक्यानं सुरुवात करावी ती ह्याच्यापासून, असं माझं मत.

झेब्रा डॅनिओ तर प्रयोगशाळांचा लाडका. 1981 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर ह्यांनी ह्या माशावरचं काम प्रसिद्ध केलं आणि गंगेच्या खोऱ्यातला बोटाएवढा मासा जगभरच्या जीवशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन पोचला. ह्याचे निळे पट्टे नर-मादीत सारखेच असतात. फरक बघायचा तो निळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत. नराची ती जागा सोनेरी झाक मारते, मादीची चंदेरी पांढरी राहते, आणि मादीचं पोट वरून पाहिलं की भरलेलं दिसतं. ह्या माशाची आणखी एक गोष्ट मला फार थक्क करते. पिल्लावस्थेत सगळ्यांच्याच पोटात आधी बीजांडकोशासारखा अवयव तयार होतो. जे पुढे नर होणार त्यांच्यात तो मोडून त्याजागी वृषण घडतं. महिन्याच्या आतल्या पिल्लाला नर की मादी विचारणं म्हणूनच घाईचं.

आणि गप्पी! मराठी माणसाला माशांतला नर-मादी भेद बहुधा ह्याच माशानं पहिल्यांदा शिकवलेला असतो. साताऱ्याला आमच्या आळीतल्या हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी सोडलेले असायचे. आम्ही मुलं ते गाळणीनं धरून काचेच्या बरणीत ठेवायचो. मोठे, करडे, पोटाशी काळा डाग असलेले ते आईमासे. छोटे, शेपटीवर ठिपके असलेले ते बाबामासे. एवढं ज्ञान आम्हाला कुणी न सांगता आलेलं होतं, आणि ते बरोबर होतं. तो काळा डाग म्हणजे मादीच्या पोटातल्या वाढत्या पिल्लांची जागा. नराचा पोटामागचा पर लांबट नळीसारखा झालेला असतो, आणि ती खूण रंगापेक्षा भरवशाची.

ह्या मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या माशानं आनुवंशिकीला एक मोठा धडा दिला. डेन्मार्कचे योहानेस श्मिट, ज्यांनी ईल माशांची जन्मभूमी सारगासो समुद्रात शोधली तेच, 1920 मध्ये गप्पीवर काम करत होते. नराच्या पाठीच्या परावरचा एक काळा डाग बापाकडून प्रत्येक मुलाकडे जातो, मुलीत कधीच दिसत नाही, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे तो डाग ठरवणारा घटक नराच्याच गुणसूत्रावर, वाय गुणसूत्रावर, बसलेला होता. त्यांचे देशबंधू ओयविंड विंगे ह्यांनी हे काम पुढे नेलं आणि काही रंगांचे घटक एक्स गुणसूत्रावरही असतात हे उघड झालं. ते मादीतही असतात, पण नरहार्मोनाशिवाय बोलत नाहीत. मादीला ते हार्मोन दिलं तर तिच्या करड्या अंगावर तिच्या बापाचे रंग उमटतात.

मग नरांनी इतकं भडक का असावं? भडक मासा शत्रूलाही आधी दिसतो. 1970 च्या दशकात जॉन एंडलर ह्यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत आणि पुढे प्रयोगशाळेतल्या तळ्यांत हे तपासून पाहिलं. शिकारी माशांबरोबर वाढणाऱ्या गप्पींच्या पिढ्यांत नरांचे ठिपके कमी आणि लहान होत गेले. धोकादायक शिकारी नव्हते तिथे ठिपके वाढले, कारण तिथे फक्त मादीची पसंती उरली. ओढ्यातल्या प्रयोगात हा बदल दोनएक वर्षांत दिसला. उत्क्रांती लाखो वर्षांची गोष्ट असते असं आपण शाळेत शिकतो. इथे ती एका माणसाच्या वहीत दोन पावसाळ्यांत उतरली. नारिंगी ठिपक्यांवर मादीची नजर अधिक ठरते हेही पुढे दिसलं. नारिंगी रंग खाण्यातून येतो, तेव्हा चांगलं अन्न शोधू शकणारा, रोगराईनं न ग्रासलेला नर तिला अंगावरूनच कळत असावा.

दुकानदाराचं "चमकणारा तो नर" हे सूत्र जिथे सरळ उलटं पडतं अशाही जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिस माशाची मादी नरापेक्षा छोटी आणि अधिक देखणी. विणीच्या वेळी तिचं पोट पिकल्या चेरीसारखं लाल होतं. मध्य अमेरिकेतल्या कन्व्हिक्ट माशात पोटावरचे नारिंगी खवले मादीच्याच अंगावर येतात, नर बिचारा काळा-करडा. मलावी सरोवरातले दोन मासे शेजारी ठेवले तर माणूस चक्रावून जाईल. ऑरॅटसची पिल्लं आणि माद्या पिवळ्या असतात. मोठा होऊन सत्ता हाती आलेला नर काळपट होतो. केन्यीमध्ये पिल्लं आणि माद्या निळ्या, मोठा नर पिवळा. एका ठिकाणी पिवळा रंग मादीचा, दुसरीकडे नराचा. आणि ऑरॅटसमध्येही दबलेला नर माझ्या गुरामीसारखाच मादीचा पिवळा वेष उतरवत नाही.

काहींच्या बाबतीत रंगाकडे बघणं सोडून द्यावं. एंजलफिश, ऑस्कर, डिस्कस ह्यांच्या रंगावरून नर-मादी सांगतो म्हणणाऱ्याकडून मासे घेऊ नयेत. सहा छोटे घ्यावेत आणि त्यांची जोडी त्यांनाच जमवू द्यावी. गोल्डफिशही रंगावरून ओळखता येत नाहीत, पण त्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठाऊक हवीच. हंगामात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर मोहरीहून बारीक पांढरे दाणे ओळीनं येतात. पुष्कळ जण त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून टाकीत औषधं ओततात. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवरही विखुरतात आणि मासा अंग घासत फिरतो. हे दाणे ठरल्या जागीच असतात आणि मासा धडधाकट असतो. निरोगी नराला तारुण्याबद्दल औषध पाजू नये, एवढं तरी प्रत्येकानं शिकावं.

बाजारानं ह्या सगळ्यात आणखी एक अडचण घातली आहे. रंगीत तेच विकलं जातं, म्हणून पुष्कळ दुकानांत ड्वार्फ गुरामीच्या माद्या येतच नाहीत. टाकीत सगळे नर, आणि घरी नेल्यावर त्यांची मारामारी. तिलापियाच्या पिल्लांना खाद्यातून मिथाइल टेस्टोस्टेरोन देऊन सगळे नर बनवण्याची पद्धत मत्स्यशेतीत जुनी आहे. तेच हार्मोन शोभेच्या माशांत वेळेआधी रंग आणण्यासाठीही वापरलं जातं. अशा माशाचा रंग घरी आल्यावर काही आठवड्यांत उतरतो, आणि मादी असेल तर ती अंडी देण्यालायक राहीलच असं नाही. नखाएवढं पिल्लू पूर्ण वाढलेल्या नरासारखं रंगलेलं दिसलं की मी हात आखडते. दुकानातल्या जांभळट गुलाबी ट्यूबच्या उजेडातही निवड करू नये. मासा पिशवीत आला की ती पिशवी दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात धरावी. चांगला दुकानदार ह्याला हरकत घेत नाही.

लखनौच्या दिलकुशा भागात कॅनॉल रिंग रोडवर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था 1983 मध्ये स्थापन झाली. देशातल्या माशांच्या आनुवंशिक वारशाची नोंद ठेवणं आणि तो जपणं हे तिचं काम. माशांचं शुक्र गोठवून साठवण्याचं तंत्र इथे विकसित झालं आहे, आणि माशांच्या जातींची डीएनए बारकोडिंगनं ओळख पटवण्याचं कामही चालतं. हॅमिल्टनच्या कोड्याचं उत्तर आज अशा पद्धतीनं मिळतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएमधला सुमारे साडेसहाशे अक्षरांचा एक तुकडा वाचायचा. हा डीएनए आईकडून येतो, मुलगा असो की मुलगी. त्यामुळे पिवळा नर आणि मातकट मादी ह्यांची अक्षरं जुळतात आणि मासा एकच असल्याचं कळतं. मात्र नर कोणता, हे तो तुकडा सांगू शकत नाही. त्यासाठी टाकीपुढेच यावं लागतं.

माझ्या त्या उशिरा पिवळ्या झालेल्या नराला मी एप्रिलमध्ये पाहिलं तेव्हा टाकीचं पाणी अठ्ठावीस अंशांवर होतं. बुडबुड्यांच्या घरट्याखाली तो मादीपुढे गेला आणि एकदम शेपटी खाली, तोंड वर करून उभा राहिला, भिंतीला टेकवलेल्या फळीसारखा. का, ते क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, त्या अवस्थेत त्याचा गळ्यापासून पोटापर्यंतचा निळा-काळा पट्टा तिच्या नजरेसमोर सरळ येत होता. ती अजून मातकटच होती, तपकिरी पट्टा जसाच्या तसा. थोडा वेळ ती त्याच्याकडे पाहत तिथेच थांबली, आणि मग घरट्याखाली शिरली.